रिपोर्ट चांगला, पण दुखणं खरंच
(वार्षिक सभेतल्या आरोग्य सत्रातील बोलणं)



आज बचत-कर्जाचं रजिस्टर जरा बाजूला ठेवू. गटागटांत फिरताना एक गोष्ट नेहमी कानावर येते. छातीत दुखायचं म्हणून अँजिओग्राफी केली, ब्लॉकेज निघालं नाही. पुढे पुन्हा दुखलं की घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर चांगला आहे, कशाला मनाला लावून घेतेस?" मग बाई सांगणंच बंद करते.

असं गप्प बसू नका. ठिबकचं बघा. मेन लाइन मोकळी असली तरी बारीक नळ्या चोंदल्या की पीक सुकतं. अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात, अगदी बारीक दिसत नाहीत. कामाच्या वेळी त्या नीट उघडल्या नाहीत तर हृदयाला रक्त कमी पडतं. हा त्रास बायकांत, विशेषतः पाळी गेल्यावर, जास्त आढळतो. काहींची मोठी वाहिनीच मधून आवळते आणि परत सुटते. असं दुखणं बरेचदा रात्री-पहाटे, बसल्या जागी होतं.

पित्त, स्नायूंचं दुखणं, अंगात रक्त कमी असणं, ही कारणंही असू शकतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आपण काय करायचं?

एक, कधी दुखलं, काय करताना, किती वेळ, हे लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा.

दोन, जुना रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा, "मोठ्या वाहिन्या मोकळ्या आहेत, मग दुखतं कशानं? बारीक वाहिन्यांचा त्रास असेल का?" मोठ्या दवाखान्यांत यासाठी वेगळ्या तपासण्या असतात. दोन्ही त्रासांवर गोळ्या आहेत, पण वेगवेगळ्या. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

तीन, मिश्री-तंबाखू सोडा. डॉक्टरांना विचारून रोज चाला. बीपी-शुगर तपासा. तिशीनंतर उपकेंद्रात ही तपासणी होते, आशाताईंना विचारा.

आणि दुखणं थांबेना, घाम फुटला, धाप लागली, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर लगेच 108 लावा. मागचा रिपोर्ट चांगला होता म्हणून वाट बघू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच विचारा: "रिपोर्ट चांगला आला, पण दुखायचं थांबलं नाही, अशी कोण आहे?" जी हात वर करेल, तिच्यासोबत एकीनं दवाखान्यात जा. गाडीभाडं नसेल तर अंतर्गत कर्ज आहेच की. ते अशाच वेळेसाठी ठेवलंय.