हिरवं दिसतं ते सगळं रान नव्हे
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल मोजणं हे माझं काम. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे किमान १ हेक्टर जागेवर १० टक्के किंवा अधिक वृक्षछत्र असलं, की ती जागा वनाच्छादनात धरतात. मग ती देवराई असो की काजूची बाग. म्हणजे आपल्या दोडामार्गात रान तोडून रबर लावलं, तरी काही वर्षांत नकाशा पुन्हा हिरवा!

२०१८च्या अखेरीस ‘नासा’नं अंतराळ स्थानकावर ‘जेडाय’ हे उपकरण बसवलं. ते लेसर किरण सोडून झाडांची उंची मोजतं. त्या उंचीवरून लाकूड किती, कार्बन किती, याचा अंदाज संगणकीय प्रारूप बांधतं. पण हे प्रारूप तयार करायला आधी कुणीतरी रानात जाऊन, छातीच्या उंचीवर टेप धरून खोडांचे घेर मोजावेच लागतात. आणि झाड कोणतं, हे सांगायला गावातलं जाणतं माणूस लागतं.

म्हणून शाळेतल्या मुलांना एकच सांगणं : आजी-आजोबांकडून रानातल्या झाडांची नावं आजच लिहून घ्या. रान गेलं, तर काय गेलं हे त्या वहीवरूनच कळेल.