आधी चौकशी, मग अर्ज



ट्रस्टच्या या महोत्सवात मुलांच्या पुढील व्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही पेशाने शिक्षक. दहावीचा निकाल लागला की पालक गुणपत्रिका घेऊन येतात आणि विचारतात, “सर, याला कोणत्या लाइनीला घालू?” मुलगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

धार व देवासच्या मराठी घरांत या प्रश्नाचे उत्तर एके काळी ठरलेले असे. धारला पवारांचे संस्थान, देवासला थोरली व धाकटी अशा दोन पात्या. वडील कचेरीत, तर मुलगाही कचेरीत. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली त्याचाही मध्य प्रदेश झाला, आणि ती वाट मोडली. पुढे १९७० नंतरच्या दशकात देवासला नोटा छापण्याची बँक नोट प्रेस आली. १९८० नंतर धार जिल्ह्यात पीथमपूरची कारखानदारी वाढली. २०२१ साली तेथेच वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग खुला झाला. तात्पर्य, वडिलांना ठाऊक आहेत तेवढेच धंदे जगात आहेत, असे मानून चालणार नाही.

अमेरिकेत बॉस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसायाचा सल्ला देणारी कचेरी काढली. त्यांचे सांगणे साधे होते. प्रथम स्वतःला ओळखा, मग कामाची माहिती मिळवा, नंतर दोहोंचा मेळ घाला. आपल्याकडे मधली पायरी गाळली जाते.

आपल्याच जिल्ह्यातील बाग गावचे छापकाम घ्या. २००८ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. दुरून पाहणाऱ्यास वाटते, कापडावर ठसा उठवला की झाले. प्रत्यक्षात कापड धुवावे लागते, त्यास हरड्याचे पाणी द्यावे लागते. तुरटीच्या छापातून लाल रंग येतो, लोखंडाच्या गंजातून काळा. मग वाहत्या पाण्यात धुणे आणि तांब्याच्या भांड्यात उकळणे. ठसे कोरणे हे तर निराळेच कसब. एका धंद्यात अशी पाच-सहा कामे असतात. कोणाचा हात स्थिर असतो, कोणाची नजर रंगावर बसते, कोणी माल विकण्यात हुशार असतो. नुसत्या नावावरून धंदा पसंत वा नापसंत करू नये तो याचसाठी.

म्हणून मुलाने काम चालते तेथे जावे आणि काम करणाऱ्यास विचारावे: दिवसभर काय करावे लागते? शिकण्यास वर्षे किती, खर्च किती? दहा वर्षांनी माणूस कोठे पोचतो? शिकत असता काही मिळते काय? शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे व त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे, हे कित्येक घरांत माहीतही नसते. कर्ज काढून फी भरावी आणि वर्षभरात मुलाने परत यावे, यापेक्षा ही चौकशी फार स्वस्त पडते.

मुलींच्या बाबतीत तर “लांब आहे” एवढ्यावर विषय संपतो. लांब म्हणजे किती? बस आहे काय? वसतिगृह आहे काय? एवढे विचारून मग नाही म्हणावे.

मुंबईच्या पारशी पंचायतीने १९४७ सालीच व्यवसाय-मार्गदर्शनाची शाखा काढली होती. आपला ट्रस्ट लहान आहे. तथापि एक वही घालणे आपल्यालाही जमेल. प्रत्येक सभासदाने आपल्या कामाविषयी एक पान लिहावे: काम काय, शिकलो कोठे, मिळकत कशी, त्रास कोणता. नर्स, फिटर, वकील, शिंपी, सर्वांनी लिहावे. त्रासही लपवू नये. महिन्यातून एका रविवारी ही वही मुलांसमोर उघडावी आणि लिहिणाऱ्याने तेथे बसावे. ट्रस्ट फीची मदत देतोच. ही माहिती तिच्या आधी मिळाली, तर दिलेला पैसा योग्य जागी पडेल.

पहिले पान आम्ही शिक्षकाच्या पेशाचे लिहून देतो. दुसरे कोण लिहिणार, ते आजच सांगावे, अशी विनंती करून आपली रजा घेतो.