रक्त तपासायला जाताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आताच हळदीकुंकू झाले, मुलींची गाणी झाली. अशा आनंदाच्या दिवशी ही बाई रक्ताच्या गोष्टी कशाला काढते, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा त्यांचेही तोंड जरा वाकडे झालेच होते. परंतु गेल्या वर्षभरात आपल्याच मंडळातील सात-आठ जणींबरोबर मी पुसेगावाहून हिंगोलीला लॅबमध्ये जाऊन आले, आणि जे पाहिले ते चार बायकांत बोलायला हवे असे वाटले. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. सुई टोचणाऱ्यांतली नव्हे, टोचून घेणाऱ्यांतली आहे.

रक्त काढण्याची भीती आपल्याला आजची नाही. १९५८ साली देशभर हिवतापाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत खांद्याला पिशवी लावलेला मलेरियावाला दारोदार येई आणि घरात कोणाला ताप आला का, ते विचारी. आला असला की बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घेई, कडू गोळ्या देई आणि भिंतीवर तारीख टाकून जाई. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की आम्ही पोरी कणगीमागे दडून बसत असू. आमची आजी म्हणायची, "एका थेंबात त्याला काय कळतं माय? वैद्याला नाडी धरून कळत नाही!" त्या थेंबातच हिवतापाचे जंतू दुर्बिणीखाली दिसतात, हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळले. आजीला ते शेवटपर्यंत पटले नाही.

आता एक घरचीच गोष्ट सांगते. ती आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. १९८१ सालच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जाऊबाईंना सातवा महिना होता. पायांवर सूज, तोंड पांढरे फटक, दोन पायऱ्या चढल्या की धाप. नर्सबाई घरी आल्या नि म्हणाल्या, हिंगोलीला नेऊन रक्त तपासून घ्या. सासूबाई म्हणाल्या, "आधीच तिच्या अंगात रक्त नाही, त्यात आणखी काढायचं?" आणि मी, चार बुके शिकलेली थोरली सून, तिथेच चुलीपुढे बसले होते. मला सासूबाईंचे म्हणणे पटले. नुसती गप्प बसले नाही, तर "खरंच आहे, अशक्तपणा वाढेल," असे बोललेही. बाळंतपणात रक्तस्राव झाला. बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात नेले. तेथे तपासले तेव्हा हिमोग्लोबिन पाच भरले. घरच्या पुरुषांनी रक्त दिले म्हणून जाऊबाई वाचल्या. मूल गेले. आधी तपासले असते तर मूल नक्की वाचले असते, असे कोणी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण दोन महिने हाताशी होते, आणि ते आम्ही एका वाक्यावर घालवले.

ते वाक्य अजून आपल्या गावात ऐकू येते. म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडू. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असते. तपासणीच्या एका नळीत दोन ते चार मिलिलिटर जाते. तीन नळ्या घेतल्या तरी दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या जातात, नव्या येतात. याचा अर्थ असा, की तीसएक मिलिलिटर रक्तातल्या पेशी शरीर रोजच्या रोज नव्या करीत असते. तुमच्या तीन नळ्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या. ज्या बाईचे रक्त कमी आहे तिलाही एवढ्याने काही होत नाही. अगदी तान्ह्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या बाबतीत थेंबाथेंबाचा विचार डॉक्टर स्वतःच करतात.

आणि रक्त कमी असणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणींचे रक्त कमी निघाले. त्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे सुधारणा तर नाहीच, उलट घसरण. या मांडवात बसलेल्यांची आपापसांत मोजदाद करा आणि अर्ध्याहून अधिक जणी बाजूला काढा. नुसते तोंड पाहून त्या कोणत्या, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही.

आता मी स्वतः कशी फसले ते सांगते, म्हणजे तुम्ही हसाल. २०१६ साली हळदीच्या काढणीचे दिवस होते. डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर तपासायला सांगितले होते. आदल्या दिवशी उन्हात राबले, रात्री आठला जेवले, आणि उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही असे समजून पहाटेपासून तोंडात थेंब घेतला नाही. पहिल्या एस.टी.ने निघाले, लॅबमध्ये गर्दी, माझा नंबर लागेतो साडेअकरा. घशाला कोरड, हात गार. त्या मुलाला शीर सापडेना. एकदा टोचले, दोनदा टोचले, डाव्या हाताला, मग उजव्या हाताला. पाचव्यांदा सुई उचलली तेव्हा मला समोरची भिंत फिरताना दिसली. डोळे उघडले तर मी फरशीवर, आणि कोणी तरी तोंडावर पाणी मारते आहे. तो मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता इतकेच. पण पाणी चालते हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

तेव्हा हे पक्के लक्षात ठेवा: लॅबचा उपास आणि एकादशीचा उपास यांत फार फरक आहे. एकादशीला चहा चालतो, साबुदाणा चालतो, भगर चालते. लॅबच्या उपासाला यातले काहीही चालत नाही, बिनसाखरेचा चहाही नाही. मात्र साधे पाणी चालते, नव्हे, प्यायलाच हवे. पाण्याने शीर भरते आणि चटकन सापडते. उपास साधारण आठ ते दहा तासांचा. सोळा तास पोट जाळून अधिक पुण्य लागत नाही. जेवणानंतरची साखर तपासायची असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तास मोजायचे. त्या दिवशी नेहमीसारखेच जेवावे. भीतीपोटी अर्धी भाकरी खाऊन गेलात तर कागदावर साखर चांगली दिसेल नि अंगात तशीच राहील. रोजच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या की नाही, ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि हो, ब्लाउजची बाही सैल असलेला घालून जा. घट्ट बाही दंडावर सरकत नाही आणि तीच पट्ट्यासारखी आवळून बसते. हसू नका, ही अडचण मी तीन जणींची पाहिली आहे.

लॅबवाल्याने काय करायला हवे, हेही आपण जाणून असावे. कारण आपण मुकाट्याने हात पुढे करतो आणि भिंतीकडे पाहतो. सुई नवी असावी आणि तुमच्या देखत पाकिटातून काढावी. पूर्वी काचेची सिरिंज उकळून पुन्हापुन्हा वापरीत, तो काळ गेला. दंडाचा पट्टा मिनिटाहून अधिक आवळून ठेवू नये. मूठ मिटावी, पण उघडझाप करीत बसू नये. तसे केल्याने आणि पट्टा फार वेळ ठेवल्याने काही आकडे उगीच चढतात, विशेषतः पोटॅशियमचा. दवाखान्यात एका हाताला सलाईन लावलेले असेल तर रक्त दुसऱ्या हाताचे घ्यावे, नाही तर रक्तात सलाईन मिसळून भलतेच उत्तर येते. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या बाईने त्या बाजूचा हात पुढे करण्याआधी तसे स्पष्ट सांगावे. दोनदा टोचून शीर सापडली नाही तर "दुसऱ्या कोणाला बोलवा" असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. मी त्या दिवशी म्हटले असते तर फरशीवर पडले नसते.

नळीवर नाव तुमच्यासमोरच लिहून घ्या. आपल्याकडे एकाच आडनावाची दहा घरे आणि एकाच नावाच्या तीन सुना. म्हणून स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, वय, सगळे सांगा. काही वडीलधाऱ्या बायका नवऱ्याचे नाव सांगताना तिथेही अडखळतात. उखाणा घ्यायचा नसेल तर नका घेऊ, पण नाव सांगा! दुसरीची साखर आपल्या कागदावर आली तर गोळ्या आपल्याला गिळाव्या लागतील.

नळ्यांची टोपणे निरनिराळ्या रंगांची का, असे एका मुलीने मला विचारले होते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे औषध असते, ती हिमोग्लोबिन नि पेशी मोजायला. राखाडी टोपणाची साखरेसाठी. रक्त नुसतेच ठेवले तर त्यातल्या पेशी साखर खातच राहतात आणि तासाला पाच-सात टक्के कमी होत जाते. राखाडी नळीतले औषध त्यांना थोपवते. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू देऊन वरचे पाणी तपासायला घेतात. या नळ्यांतले रक्त विकतात, अशी एक अफवा आपल्या गावात आहे. ते रक्त दुसऱ्या कोणाला चढवता येतच नाही. तपासून झाले की ते नियमाप्रमाणे नष्ट करायचे असते. चढवायचे रक्त पिशवीत घेतात, एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर, आणि तेही आपल्या संमतीने.

"नमुना खराब झाला, पुन्हा या," असा निरोप आला की आपला संशय वाढतो. पुष्कळदा कारण साधे असते. सुई बारीक, रक्त जोराने ओढले, नळी फार हलवली, की पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. चूक त्यांची असते, हेलपाटा आपला. पण तशा नमुन्यावरच अंदाजाने आकडा लिहून देणाऱ्यापेक्षा परत बोलावणारा बरा. रक्त चढवण्याआधीही पुन्हा नमुना घेतात तेव्हा बायका म्हणतात, "गट तर माहीत आहे, मग काहून काढता?" त्याचे उत्तर आपल्या मुंबईतच आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवीनच रक्तगट जगापुढे मांडला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. जगभर तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. म्हणून दात्याचे रक्त आणि रोग्याचे रक्त प्रत्यक्ष एकत्र करून पाहिल्याशिवाय पिशवी लावीत नाहीत.

ज्यांना सुई पाहून घेरी येते त्यांनी लाजू नये. ही काही भित्रेपणाची खूण नव्हे. काहींच्या बाबतीत नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस पडते. धडधाकट पुरुषही पडतात. "मला घेरी येते, मी आडवी होते," असे आधीच सांगायचे. आडवे पडून रक्त दिले तर बहुधा काही होत नाही, आणि झालेच तर निदान फरशी डोक्याला लागत नाही. सुई काढल्यावर बोळा दोन-चार मिनिटे दाबून धरावा, हात सरळ ठेवून. कोपरात हात दुमडून ठेवायची आपली सवय चुकीची आहे; त्याने काळेनिळे होते. झालेच तर आठ-दहा दिवसांत जाते. हात फार सुजला, ठणकू लागला किंवा बोटांना मुंग्या राहिल्या तर मात्र दाखवायला जावे.

पैशांची अडचण मला ठाऊक आहे. खासगी लॅबमध्ये शे-दोनशे रुपये सहज जातात, आणि घरात शेवटची पाळी बाईची. सरकारी दवाखान्यात घेतलेले नमुने विनामूल्य तपासून मिळावेत म्हणून २०१७ साली राज्यात महालॅबची योजना सुरू झाली. तेव्हा खासगीकडे जाण्याआधी तिथे विचारावे. गरोदर बायकांसाठी २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी ठेवलेली असते, तीत रक्तही तपासतात. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्त कमी समजावे. सातच्या खाली गेले तर एक दिवसही थांबू नये. आणि आकड्याचा कागद हातात आला की तो नवऱ्याच्या खिशात जाऊ देऊ नका. स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, आणि डब्यात जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागतो.

माझ्या जाऊबाई आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ती गोष्ट सांगू का, म्हणून मी त्यांना काल विचारले. त्या म्हणाल्या, "सांग, पण माझं वय सांगू नको." आता दर सहा महिन्यांनी त्या आपले रक्त तपासून घेतात आणि मला बरोबर नेतात, कारण मला अजून घेरी येते.

येत्या ९ तारखेला आम्ही दोघी सकाळी आठला देवळापाशी उभ्या राहणार आहोत. गल्लीतल्या ज्या सुनांना दिवस आहेत, त्यांच्या सासूबाईंना मी या आठवड्यात घरी जाऊन भेटणार आहे. ज्यांना सोबत हवी असेल त्यांनी आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे रिक्षा सांगता येईल. पाण्याची बाटली आपापली आणावी.