दोन प्लास्टिकांची सोयरीक

पाण्यात तेल ओतून कितीही घुसळले, तरी घटकाभरात दोन्ही विलग होतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकांचेही तसेच आहे. दोन्ही केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचीच बनलेली. परंतु एकत्र वितळविली, तरी त्यांचे दीर्घ रेणू परस्परांत मिसळत नाहीत. एकाचे सूक्ष्म गोळे दुसऱ्यात विखुरतात. निवल्यावर पदार्थ वरकरणी एकजीव दिसतो. ताण पडताच मात्र गोळ्यांच्या कडांशी तडकतो. भंगारातील मिश्र प्लास्टिकाला मोल येत नाही, याचे एक मोठे कारण हेच.

अशा वेळी मध्यस्थ लागतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाशी आणि दुसरे पाण्याशी सख्य जोडते. त्याच न्यायाने अमेरिकेतील कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ साली दोन्ही प्लास्टिकांचे खंड आलटूनपालटून गुंफलेली रेणुसाखळी सादर केली. तिचा प्रत्येक खंड आपल्या कुळातील रेणूंत रुततो आणि सीमेवर जणू टाका पडतो. शेकडा १ भाग एवढी मात्रा पुरली. ठिसूळ मिश्रण चिवट झाले आणि तुटण्यापूर्वी कितीतरी ताणले जाऊ लागले.

जे निवडून वेगळे करणे दुष्कर, ते एकत्रच उपयोगी पडावे, ही आशा या टाक्यावर उभी आहे.