दाखल्यावर फक्त ‘मुसलमान’

(पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘उच्च शिक्षणातील संधी’ असा विषय दिला होता. मी तो थोडा बदलून घेतलाय. मी इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो. पीएच.डी. माझ्या धाकट्या बहिणीची चालू आहे. त्यामुळे संधींवर तिनं बोलायला हवं. मी कागद, तारखा आणि पैसा यांच्यावर बोलतो, कारण तिच्या पीएच.डी.तली माझी हमाली तेवढीच आहे. तिची परवानगी घेऊन बोलतोय. नाव घ्यायचं नाही, एवढीच तिची अट आहे.

२०२२ मध्ये ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. सीएसआयआर-नेट पास झाली, पण जेआरएफ नाही, फक्त लेक्चररशिप. म्हणजे प्राध्यापक व्हायला पात्र, पण संशोधनासाठी दरमहा पैसे मिळणार नाहीत. तिला त्याची फार काळजी नव्हती. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती ना. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, त्यानंतर २००९ पासून ही फेलोशिप सुरू झाली. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन अशा सगळ्या अल्पसंख्याकांसाठी होती. आमच्या घरात तिचा हिशेब कागदावर मांडलेला होता. एवढे महिन्याला येतील, एवढं हॉस्टेल, एवढं अम्मीच्या औषधांना.

डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सरकारनं सांगितलं की ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद. कारण असं दिलं की उच्च शिक्षणासाठी इतर बऱ्याच योजना आहेत, अल्पसंख्याक विद्यार्थी त्यांतही बसतात, त्यामुळे दुहेरीकरण होतंय. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ ही योजनाही त्याच वर्षापासून बंद झाली. आधी निवडल्या गेलेल्यांची फेलोशिप चालू राहिली, नव्यांना दार बंद.

तिनं मला त्या रात्री फोन केला. विचारलं, भाई, मी डेटा सायन्सचा कोर्स करू का? सहा महिन्यांचा असतो म्हणे. मी म्हणालो, कर. मी तिला असंही म्हणालो की केमिस्ट्रीत काय ठेवलंय. हे मी आज इथं कबूल करतोय, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात माझ्यासारखा एक कमावता भाऊ असतो आणि तो प्रेमापोटीच चुकीचा सल्ला देतो. सुदैवानं तिनं ऐकलं नाही. २०२३ मध्ये फेलोशिपशिवायच तिनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तासाचे पैसे, ते पण वर्ष संपल्यावर. अम्मीचं ‘और कितना पढेगी?’ चालूच होतं.

आता ते ‘इतर योजना’ प्रकरण. मला वाटतं सरकारचं उत्तर अर्धं खरं होतं आणि आपण त्या अर्ध्या खऱ्याचाही उपयोग करून घेतला नाही.

आम्ही बागवान. अब्बांचा फळांचा गाडा होता, आता छोटा गाळा आहे. बागवान महाराष्ट्रात ओबीसीत येतात. तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा बऱ्याच मुस्लिम बिरादऱ्या येतात, छप्परबंद भटक्या-विमुक्तांत आहेत. हे आपोआप झालेलं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली, तेव्हा कुठं हे दार उघडलं. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. राज्याची महाज्योती आहे, २०१९ ची, मुख्यालय नागपूरला, तिची पीएच.डी.साठी फेलोशिप आहे. माझ्या बहिणीला यातलं एकही लागू होत नव्हतं. का? नेटच्या फॉर्ममध्ये तिनं प्रवर्ग ‘खुला’ लिहिला होता. आमच्याकडं जातीचं प्रमाणपत्रच नव्हतं. कुणी काढलंच नव्हतं. मी इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गातूनच गेलो होतो, पूर्ण फी भरून, अब्बांनी कर्ज काढून. इतक्या वर्षांत घरात कुणाला प्रश्न पडला नाही.

आपल्यात याचं एक कारण असं की जात विचारली की लोक म्हणतात, इस्लाममध्ये जात कुठं असते? धर्मात नसेल. लग्न ठरवताना मात्र सगळ्यांना बरोबर आठवते. प्रमाणपत्र काढायच्या वेळीच आपण एकदम समतावादी होतो.

(आणि जे या यादीत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. दलितांतून मुसलमान झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५० चा आदेश पुढं शिखांसाठी आणि बौद्धांसाठी दुरुस्त झाला, मुस्लिम आणि ख्रिश्चनांसाठी नाही. त्यांच्यासाठी मौलाना आझाद हीच फेलोशिप होती. तिथं सरकारचं उत्तर अर्धंही खरं नाही.)

तर आम्ही प्रमाणपत्र काढायला निघालो. बहिणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’. माझ्या दाखल्यावर ‘मुसलमान’. अब्बांच्या दाखल्यावर ‘मुसलमान’. तिन्हीकडे धर्म जातीच्या रकान्यात बसलेला. हे पूर्वी मास्तरांनी दाखल करून घेताना लिहिलेलं असतं, नाव सांगितलं की पुढचं विचारायचं कशाला, असं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारा. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. या तारखा लिहून घ्या. अब्बा शाळेत गेले १९६७ नंतर. दादा तर शाळेत गेलेच नाहीत.

कागद मिळाला तो अब्बांच्या चुलत चुलत्यांचा. ते तिसरीपर्यंत शिकले होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढं ‘बागवान’ लिहिलेलं होतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा चालतो, फक्त वंशावळ प्रतिज्ञापत्रावर जोडावी लागते. दुसरा कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडला. गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद. त्यातली आमची नोंद मोडीत होती. मोडी वाचणारे गृहस्थ शोधले, त्यांनी लिप्यंतर करून दिलं. दादांच्या जन्माची नोंद होती. अब्बा तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते. त्यांना आपल्या वडिलांच्या जन्माचा महिनाही माहीत नव्हता.

नॉन-क्रिमिलेअरची वेगळी गंमत. एका एजंटानं सांगितलं, भाऊ इंजिनिअर आहे, पगार मोठा आहे, तुम्हाला मिळणार नाही. आम्ही त्याचं खरं मानून तीन आठवडे घालवले. भावाचं उत्पन्न त्यात धरतच नाहीत. आई-वडिलांचं बघतात, मर्यादा वर्षाला ८ लाखांची आहे, आणि पगार व शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत मोजत नाहीत. पगारवाल्यांचं पदावरून ठरतं. तुमच्या घरी कुणी शिपाई किंवा कारकून असेल आणि घाबरून अर्जच केला नसेल तर परत बघा. आणि या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. कुठल्या वर्षीच्या ते त्यावर छापलेलं असतं, पण वाचतो कोण.

एवढं सगळं करून प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा एका फेलोशिपची शेवटची तारीख होऊन अकरा दिवस झाले होते. पुढची जाहिरात यायला वर्षाच्या वर लागलं. अकरा दिवस! एजंटाच्या नादात घालवलेले तीन आठवडे मी अजून मोजतो.

त्या काळात मी तिला पैसे पाठवले. तिनं परत पाठवले. घरातल्या एका बुजुर्गांनी सुचवलं की झकात काढतोसच, तिलाच दे, ती पण गरजू आहे. सख्ख्या बहिणीला झकात देता येते की नाही यावर जेवताना मोठी चर्चा झाली. ती ताट उचलून उठली आणि म्हणाली, ‘भाई, मला झकात नको. मला फेलोशिप पाहिजे. झकात माझी गरज बघून देतील, फेलोशिप माझं काम बघून देतात.’

पुढच्या फेरीत तिला फेलोशिप मिळाली. पहिला हप्ता मात्र लगेच आला नाही. ज्यांना फेलोशिप आहे ते आता हसतायत, त्यांना माहीत आहे. जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००. आकडा चांगला आहे. पण तो दर महिन्याला येतो अशा समजुतीनं खोली भाड्यानं घेऊ नका. कधी चार-पाच महिन्यांचे एकदम येतात. घरमालक चार-पाच महिने एकदम थांबत नाही, त्यातून आडनाव ऐकून खोली आधीच अवघडानं दिलेली असते.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. एक माझ्या धंद्यातली. मी एक शीट बनवली. प्रत्येक फेलोशिप, प्रत्येक परीक्षा, लागणारे कागद. जूनची आणि डिसेंबरची नेट, गेटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि पेपर फेब्रुवारीत. प्रत्येक शेवटच्या तारखेपासून उलटं मोजून ‘आज कागद काढायला सुरुवात’ अशी तारीख. रंग दिले, आपोआप ईमेल जाईल असं केलं. मला फार अभिमान होता. दोन महिन्यांनी बघितलं तर ती शीट उघडणारा मी एकटाच होतो.

मग बहीण म्हणाली, शीट कुणी बघत नाही, भेटायला बोलाव. आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बसतो. चहा, पोहे, आणि ज्याचा त्याचा कागद टेबलावर. एकजण दुसऱ्याचा संशोधन आराखडा वाचतो, एकजण फॉर्म भरताना शेजारी बसतो. १८ जून २०२४ ची नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, तेव्हा त्या रविवारी कुणी अभ्यासाचं बोललं नाही, सगळे नुसते बसून होते. पण सगळे आले होते. त्यातल्या एकीनं नंतर सांगितलं की ती घरी बसली असती तर तिनं परत परीक्षा दिलीच नसती. प्रयोगशाळेत आपण बहुतेक वेळा एकटेच मुसलमान असतो आणि मोहल्ल्यात एकटेच संशोधक. दोन्हीकडे समजावून सांगावं लागतं. महिन्यात एक जागा अशी पाहिजे जिथं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कर्जे-हसना. आम्ही अकरा नोकरदार दरमहा दोन-दोन हजार टाकतो. फेलोशिप मंजूर आहे पण हप्ता अडकलाय, अशा विद्यार्थ्याला बिनव्याजी उसने देतो, हप्ता आला की परत. घेणाऱ्यांत एक मातंग समाजातला मुलगा आहे, एक कोष्टी मुलगी आहे. त्यावर आमच्यातच एकदा वाद झाला. मी एवढंच विचारलं की हप्ता अडकवताना धर्म बघतात का? नाही ना. एकानं मध्येच पीएच.डी. सोडली, त्याचे पैसे आले नाहीत. आम्ही मागितले नाहीत. तो अजून रविवारी येतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अजून एक करून बघतोय. आमच्या मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर चंद्याची, हरवलेल्या वस्तूंची घोषणा होते. आम्ही ट्रस्टींना म्हटलं, नेटच्या फॉर्मची तारीख पण सांगा. एकानं विचारलं, हे दीनचं काम आहे का? दुसऱ्यांनी त्यांना आठवण करून दिली की गेल्या जुम्याला हरवलेल्या छत्रीची घोषणा झाली होती. तारीख जाहीर झाली.

केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ मध्ये एकूण प्रवेशांत मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के. ही दरी माझ्या शीटनं भरणार नाही, बंद केलेली फेलोशिप परत मागावीच लागेल. ती मागायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. बार्टी, सारथी, महाज्योतीचे विद्यार्थी आपापल्या फेलोशिपसाठी रस्त्यावर बसलेत, त्यांच्याशेजारी बसा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संस्था मंजूर केली, छत्रपती संभाजीनगरला. तिच्या जाहिरातींवर डोळा ठेवा आणि जाहिरात येत नसेल तर का येत नाही हे लेखी विचारा.

जेवणाची वेळ झालीय, मला चिठ्ठी आली आहे. आज रात्री घरी गेलात की आपला आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, जातीच्या रकान्याचा फोटो काढून ठेवा. वडिलांकडच्या नात्यात १९६७ च्या आधी शाळेत गेलेले कोण आहेत, ते अम्मी-अब्बांना विचारा. ती माणसं आता वयस्कर झाली असतील, त्यांना आधी भेटा. कागद मोडीत निघाला तर माझ्याकडं त्या वाचणाऱ्या गृहस्थांचा नंबर आहे, बहीण मागच्या टेबलावर बसली आहे, तिच्याकडून घ्या. पुढचा रविवार दुसरा आहे. पोहे आमच्याकडून, दाखला तुमचा तुम्ही आणा.