घारापुरीचे प्रवेशपत्र

मुंबईच्या अपोलो बंदरावर सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिले, तर एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. घारापुरीला निघालेली कुटुंबे लाँचचे तिकीट काढतात आणि ते हाती पडताच लेण्यांचेही पैसे भरून झाले, अशा समजुतीने निर्धास्त होतात. तासाभराच्या प्रवासानंतर बेटावर उतरले की धक्क्यावरून पायथ्याकडे नेणाऱ्या चिमुकल्या आगगाडीचे भाडे वेगळे, ग्रामपंचायतीच्या कराची पावती वेगळी. आणि सुमारे १२० पायऱ्या चढून, धापा टाकीत वर पोहोचावे, तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तिकीटखिडकी समोर. तोपर्यंत कुटुंबप्रमुख पुरता त्रासलेला असतो. "आणखी तिकीट? मग मघाशी पैसे कशाचे घेतले?" हा प्रश्न त्या खिडकीपाशी रोज विचारला जातो आणि त्याचे नीट उत्तर द्यावयास तेथे कोणाला सवड नसते. ते उत्तर निघण्यापूर्वीच ठाऊक असले, तर पैसे वाचतातच, शिवाय दिवसही हाती राहतो.

घारापुरी हे बेट मुंबईचे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते उरण तालुक्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील गाव होय. परंतु प्रवाशांची मुख्य वाट मुंबईच्या बंदरातून जाते. त्यामुळे अलिबागचा रहिवासी आपल्याच जिल्ह्यातील हे लेणे पाहावयास निघतो, तेव्हा तो आधी मांडव्याहून मुंबईला येतो आणि तेथून दुसऱ्या लाँचने पुन्हा आपल्या जिल्ह्यात परततो! भूगोलाच्या या वळणामुळेच प्रवासाचा खर्च कित्येक पट मोठा आणि लेण्याचे शुल्क त्यामानाने किरकोळ, असे घारापुरीचे व्यस्त गणित बनले आहे.

शुल्क कशासाठी, हे आधी पाहू. घारापुरीचे मुख्य लेणे हे खडकातून कोरून काढलेले शिवमंदिर आहे. मात्र तेथील नित्य पूजा कधीच खंडित झाली. महाशिवरात्रीला भाविक येतात, गाभाऱ्यातील लिंगापुढे हात जोडतात; पण पुजारी, नैवेद्य, त्रिकाळ घंटा यांपैकी काही तेथे नाही. जेथे नित्य पूजा चालू आहे, अशा संरक्षित देवळांत सामान्यतः प्रवेशशुल्क घेतले जात नाही. जेथे ती थांबली आहे आणि केवळ वास्तू उरली आहे, तेथे १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखालील १९५९ च्या नियमांप्रमाणे शुल्क आकारता येते. घारापुरी १९०९ मध्येच संरक्षित झाली होती. १९८५ मध्ये बेटाच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरचा पट्टा प्रतिबंधित ठरला आणि १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचे नाव दाखल झाले. या यादीतील स्मारकांचा दर इतर संरक्षित स्मारकांहून अधिक असतो.

आता प्रत्यक्ष प्रवेशपत्र. भारतीय नागरिकास २०१६ च्या एप्रिलपर्यंत १० रुपये पडत. तेव्हा ते ३० झाले आणि २०१८ च्या ऑगस्टपासून ४० रुपये आहेत. परदेशी नागरिकास ६०० रुपये. रोकड न देता, म्हणजे इंटरनेटवरून वा तत्सम मार्गाने भरणा केल्यास भारतीयास ३५ आणि परदेशीयास ५५० रुपये पडतात. सार्क आणि बिमस्टेक या संघटनांतील देशांचे नागरिक, म्हणजे नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, भूतान, थायलंड आदी देशांतील पाहुणे, भारतीय दरानेच आत जातात. मात्र पारपत्र जवळ हवे. पंधरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, शुल्क नाही. शाळेच्या सहलींना याचा मोठा लाभ होतो. पण दहावीच्या वर्गात पंधरा वर्षे पूर्ण झालेली मुले असतातच, तेव्हा शिक्षकांनी जन्मतारखांसह विद्यार्थ्यांची यादी बरोबर ठेवलेली बरी.

सर्वांत अधिक घोळ होतो तो परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा. दिवाळीच्या वा नाताळच्या सुट्टीत लेक-जावई येतात. नातवंडांना लेणी दाखवावयाची म्हणून पेणचे वा पनवेलचे आजोबा सर्वांना घेऊन निघतात. आजोबा-आजींचे प्रत्येकी ४० रुपये. नातू बारा वर्षांचा, त्याला शुल्क नाही. लेक आणि जावई मात्र आता अमेरिकेचे वा इंग्लंडचे नागरिक! त्यांच्याजवळ परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड, ज्याला सर्वजण ओसीआय म्हणतात ते, असेल, तर २०२१ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेनुसार स्मारकांच्या प्रवेशशुल्कात त्यांना भारतीयांच्या बरोबरीने वागविले जाते. हे कार्ड घरी कपाटात राहिले, तर दोघांचे ८० रुपयांऐवजी १,२०० होतात. तोंडाने कितीही शुद्ध मराठी बोलले, तरी खिडकीवरील कर्मचारी कागदाशी बांधलेला असतो आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. परदेशीयाला पंधरा पट दर असावा की नसावा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु लाँचमध्ये तोच पाहुणा इतरांच्या शेजारी त्याच बाकावर बसून येतो आणि वर आल्यावर एकदम निराळा ठरतो, हे यजमानाला अवघड वाटते, यात शंका नाही.

पाच रुपये वाचविण्यासाठी आधी इंटरनेटवरून तिकीट काढावे, की खिडकीवर ४० रुपये द्यावेत? उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. आगाऊ काढलेले प्रवेशपत्र ठरावीक तारखेचे असते आणि बेत रद्द झाल्यास त्याचे पैसे परत मिळत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च या काळात समुद्र शांत असतो, रविवारी खिडकीपुढे रांग लागते. तेव्हा घरूनच तिकीट काढणे शहाणपणाचे. पावसाळ्यात मात्र गोष्ट वेगळी. वारा सुटला, लाटा उसळल्या, की लाँच बंद राहते आणि हातातील तिकीट कोरडेच्या कोरडे वाया जाते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने बंदरावर चौकशी करावी, लाँच सुटत असल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच पुढचा व्यवहार करावा. पाच रुपयांच्या लोभाने पस्तीस घालवू नयेत. सोमवारी लेणी बंद असतात, हे तर सर्वांनीच ध्यानात ठेवावयाचे. तरीही सोमवारी बंदरावर येऊन परतणारी माणसे दिसतातच.

१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. त्या दिवशी संरक्षित स्मारकांत निःशुल्क प्रवेश देण्याचा अलीकडे प्रघात पडला आहे. तथापि घारापुरीपुरते बोलावयाचे, तर या सवलतीसाठी मुद्दाम तो दिवस निवडण्यात हशील नाही. वाचतात ते ४० रुपये, आणि वाट्याला येते ती एप्रिलातील उन्हाची पायऱ्यांवरील गर्दी.

या ४० रुपयांत दिसते काय? मुख्य लेण्यात शिरताच उजव्या हाताला नटराज, डाव्या हाताला योगीश्वर. पुढे चार दारांचा गाभारा आणि त्याच्या दारांशी उभे असलेले धिप्पाड द्वारपाल. गाभाऱ्याच्या दोहो अंगांना शिवाचे लग्न आणि अंधकासुराचा वध एकमेकांसमोर. दक्षिणेच्या भिंतीत सुमारे १८ फूट उंचीची, तीन मुखे दाखविणारी महेशमूर्ती. तिच्या एका बाजूस गंगाधर, दुसऱ्या बाजूस अर्धनारीश्वर. लेणे उत्तरेकडे उघडे असून पूर्वेस आणि पश्चिमेस अंगणे आहेत. त्यामुळे प्रकाश तीन बाजूंनी आत येतो आणि दिवस चढेल तसतसे शिल्पांचे चेहरे पालटत जातात. ज्याने सकाळची लाँच धरली, त्याला हे पाहावयास मिळते. दुपारी दोनच्या पुढे बेटावर उतरणाऱ्याचे लक्ष मात्र लेण्यापेक्षा परतीच्या लाँचकडेच अधिक असते. तिकीट दोघांनाही एकाच किमतीचे!

पण ज्यांचे हात, पाय, नाक तुटलेले आहे, अशीच शिल्पे तेथे अधिक. एकेकाळी या लेण्यास ना राखणदार होता ना खिडकी. १५३४ मध्ये वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्यानंतर लेण्याची बरीच मोडतोड झाली. लेण्यात एक शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठविला आणि तेथे तो नाहीसा झाला, असे दियोगो दो कूतो या त्यांच्याच इतिहासकाराने नमूद केले आहे. तो दगड जागेवर असता, तर हे लेणे कोणी आणि केव्हा खोदविले याचा निर्णय एका वाचनात लागला असता. आज अभ्यासक शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजवट असे अनुमान बांधतात. ते सबळ आहे, पण अखेर अनुमानच. इंग्रजी अमदानीत जेम्स बर्जेस यांनी १८७१ मध्ये या लेण्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, इंग्लंडच्या युवराजासाठी याच लेण्यात मेजवानी झडली. त्या रात्री आत जावयास आमंत्रणपत्रिका लागत होती. खिडकीवर ४० रुपये मोजून कोणालाही आत जाता येते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर लहान नाही.

मोडून पडलेले काही खांब पुढे नव्याने उभे करण्यात आले. डोंगरातून झिरपणारे पाणी ही तर लेण्याची जुनी दुखणी. पावसाळ्यात भिंती ओलसर होतात, खडकाचे पापुद्रे सुटतात. समुद्राची खारी हवा, माणसांची वर्दळ, शिल्पांना हात लावून छायाचित्र काढून घेण्याची हौस, यांची भर त्यात पडते. राखण, साफसफाई, डागडुजी यांस पैसा लागतो. येथे मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खिडकीवरील तिकिटाचे पैसे थेट घारापुरीच्या दुरुस्तीस जातात, असे नाही. ते केंद्र शासनाच्या एकत्रित निधीत जमा होतात आणि स्मारकांसाठीची तरतूद अर्थसंकल्पातून होते. जी रक्कम खरोखर बेटावर राहते, ती पायथ्याशी घेतलेल्या ग्रामपंचायतीच्या पावतीची. पर्यटक जिच्यावरून सर्वांत अधिक कुरकुरतात, नेमकी तीच!

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वाड्या आहेत. येथे समुद्राखालून तार टाकून कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत रात्री काही तास जनित्रावर दिवे लागत आणि मग अंधार. समोर मुंबईचा झगमगाट रात्रभर दिसे. दिवसभराचे प्रवासी आपल्यामागे बाटल्या, कागद, मक्याची बुरकुंडे टाकून जातात, तो कचरा याच गावाच्या दारात पडतो. पायऱ्यांच्या कडेची दुकाने, डोलीवाले, भोजनगृहे यांवर अनेक घरांचा चरितार्थ चालतो. तेव्हा लेण्याच्या तिकिटासाठी सवलती शोधणाऱ्याने ग्रामपंचायतीच्या पावतीवर घासाघीस करू नये. ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

रायगडच्या किनाऱ्यावर पुरातत्त्व सर्वेक्षणाची इतरही स्मारके आहेत: अलिबागसमोरील कुलाब्याचा किल्ला, राजपुरीच्या खाडीवरील कुडे लेणी, जंजिरा. घारापुरीचे तिकीट त्यांपैकी कोठेही चालत नाही. संपूर्ण किनाऱ्यासाठी एकच प्रवेशपत्र असते, तर दोन-तीन दिवसांचा प्रवास आखणाऱ्यांची मोठी सोय झाली असती. शासनाने या सूचनेचा विचार करावयास हरकत नाही. पण ते होईपर्यंत प्रत्येक ठिकाणची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

शिल्लक राहिला तो हत्ती. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो पाहण्याची मुले वाट पाहत असतात आणि बेटभर हिंडूनही तो सापडत नाही. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईला हलविण्यात आले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जुळवून हत्ती उभा करण्यात आला. तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. घारापुरीचे तिकीट त्याच्यासाठी उपयोगाचे नाही. संध्याकाळच्या लाँचने अपोलो बंदरावर उतरणाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवसावर ठेवावा.