दूरचित्रवाणी आणि कथेचा शेवट

‘जुने ते सोने’ ही म्हण संसारात कितीही उपयोगी पडो, टीकाकाराला तिचा फारसा उपयोग नाही. सोने असेल तर ते कसाला लावून दाखविले पाहिजे. दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी बोलताना मात्र या कसाचा हटकून विसर पडतो. १९८० च्या दशकातील मालिकांचे नाव निघताच पन्नाशीचा प्रेक्षक हळवा होतो आणि विशीतल्या प्रेक्षकाला त्याच्या हळवेपणाचे हसू येते. या दोघांमध्ये निवाडा करावयाचा, तर आठवणीची गोडी क्षणभर बाजूला ठेवणे भाग आहे.

दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये संपली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेचा मूळ हेतू लोकशिक्षणाचा होता. मेक्सिको देशात मालिकांच्या द्वारे असे प्रयोग झाले होते. त्यांचाच हा भारतीय अवतार. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका दाट झाला की प्रेक्षक कंटाळले, आणि लेखकाला तो आवरता घ्यावा लागला. स्त्रीने मुकाट्याने सोसत राहू नये, हे दाखविण्यासाठी भागवंतीचे पात्र योजले होते; परंतु पुष्कळ प्रेक्षकांनी त्या सोसणाऱ्या आईलाच आदर्श मानले! या मालिकेला आश्रय होता तो मॅगी नूडल्सच्या जाहिरातीचा. तेव्हा कलेत व्यापार आजच शिरला, असे म्हणण्याची सोय नाही. शिवाय त्या काळी बहुतेक घरांत दूरदर्शन ही एकच वाहिनी दिसत असे. प्रेक्षकांच्या त्या निष्ठेत प्रेमाबरोबर निरुपायही होता, हे विसरून चालणार नाही.

एवढी घट वजा केल्यावर मग शिल्लक काय राहते? शिल्लक राहते ते हे की, त्या काळची कथा संपत असे. शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’मधील पुष्कळशा गोष्टी एका बैठकीत पुऱ्या होत. ‘बुनियाद’ने फाळणीत उखडलेल्या एका कुटुंबाची कहाणी सांगितली आणि ती आटोपती घेतली. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ १९८८ च्या आरंभी दाखविली गेली, तेव्हा ती बंद पाडण्यासाठी प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली व प्रक्षेपणास मुभा दिली; पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. अवघ्या काही भागांच्या त्या मालिकेने जे म्हणावयाचे होते ते म्हटले, आणि ती थांबली.

लोकाग्रह त्या काळी नव्हता असे मात्र नव्हे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ ५२ भागांचे ठरले होते. ते ७८ भागांपर्यंत गेले, आणि त्यानंतर उत्तरकांडही दाखवावे लागले. तथापि लोकाग्रहालाही एक मर्यादा होती. बी. आर. चोप्रा यांच्या ९४ भागांच्या ‘महाभारता’त अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, तेव्हा तो बाहेर येणार नाही हे घरोघरी ठाऊक होते. तरीही लोकांनी डोळे पुसले. आणि त्याला जिवंत करा, असा हट्ट कोणी धरला नाही.

याच्या शेजारी ३ जुलै २००० रोजी सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका ठेवून पाहावी. तिचा नायक मिहिर मरण पावला, प्रेक्षकांनी आक्रोश केला, आणि मिहिर परत आला. पुढे कथा एका उडीत वीस वर्षे ओलांडून गेली. घरातील वृद्ध ‘बा’ मात्र होती तशीच राहिली. १८०० हून अधिक भाग झाल्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये मालिका संपली; आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिचाच नवा संसार पुन्हा थाटला गेला. येथे केवळ लेखकाला दोष देणे अन्यायाचे होईल. रोज एक भाग हवा, उभारलेले घर मोडणे परवडत नाही, आणि दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचा आकडा समोर येतो. आकडा चढता असेल तर कथा संपविणे हाच गुन्हा ठरतो, आणि आकडा घसरला तर ती मध्येच गुंडाळली जाते. दोन्ही प्रकारांत शेवट कथेच्या पोटातून येत नाही, तो बाहेरून लादला जातो. जेथे मरण परतविता येते, तेथे जगण्याचेही मोल उतरते. मग पात्राचा कोणताही निर्णय अखेरचा ठरत नाही, कोणत्याही अपराधाचे फळ पिकत नाही, आणि प्रेक्षक शोक करावयाचे सोडून केवळ पुढच्या कलाटणीची वाट पाहू लागतो.

नव्या माध्यमाने या बाबतीत थोडी दुरुस्ती केली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हंसल मेहता यांच्या ‘स्कॅम १९९२’ने २०२० साली हर्षद मेहताचा उदय आणि पतन दहा भागांत सांगितले. त्यात कर्माला परिणाम आहे आणि परिणामाला शेवट आहे. मात्र तेथे दुसरे काही हरवले. दहाही भाग एका रात्रीत, एकट्याने, हातातल्या पडद्यावर पाहता येतात. दोन भागांमध्ये पूर्वी आठवडा असे. त्या आठवड्यात शेजारी, कचेरीत, आगगाडीत कथेचा खल चाले. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले तेव्हा दूरदर्शनकडे प्रेक्षकांची रीघ लागली. सजावटीतील बाळबोधपणा तरुणांच्या नजरेतून सुटला नाही. पण सर्वांनी मिळून, एकाच वेळी, एकच गोष्ट पाहण्याची भूक त्या दिवसांत उघड झाली.

म्हणून टीकाकाराने जुन्या-नव्याचा वाद घालीत बसू नये. प्रत्येक मालिकेला त्याने एकच प्रश्न विचारावा: हिचा शेवट कोण ठरवितो? कथा ठरवीत असेल, तर ती कालची असो वा आजची, तिचा आदर करावा. आकडा ठरवीत असेल, तर तिला कितीही प्रेक्षक लाभोत, तसे स्पष्ट सांगण्यास कचरू नये. कारण गोष्ट कोठे थांबवावी हे ज्या समाजाचे कथाकार विसरतात, त्या समाजाला गोष्टीतून काही शिकणेही हळूहळू अवघड होऊन बसते.